सावली कोणाच्या वाट्याला

हैदराबादेत तारनाक्याच्या चौकातून उस्मानिया विद्यापीठाकडे वळलं की प्रवेशाच्या दिवसांत फोटो काढून देणाऱ्या दुकानांत गर्दी असते. अशाच एका दुकानात मी माझा नंबर यायची वाट बघत बसलो होतो. माझ्या पुढे किनवटकडचा एक मुलगा होता, एम.ए.ला आलेला. रंगाने चांगला काळासावळा, गालाची हाडं वर आलेली, कपाळ रुंद. दुकानदाराने त्याला आरशाकडे पाठवलं. आरशाखाली दोरीने बांधलेला कंगवा आणि पावडरचा डबा. मुलाने केस विंचरले, तोंडाला पावडर लावली आणि येऊन स्टुलावर बसला. दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर सारखेच दोन सॉफ्टबॉक्स, मागे पांढरा पडदा. एक क्लिक. चेहरा कॉम्प्युटरवर उघडला तसा मुलगा हळूच म्हणाला, "भैया, थोडा साफ करो ना." भैयाने ते न सांगताच करायला घेतलं होतं.

आठ प्रती कापून हातात आल्या तेव्हा त्यांत गालाची हाडं कुठे गेली ते कळेना. डोळे होते, भुवया होत्या, ओठांची रेघ होती. नाकाच्या जागी दोन नाकपुड्या तेवढ्या राहिल्या होत्या. मुलगा खूश झाला. मला मात्र त्या आठ प्रती अजून विसरता आलेल्या नाहीत. आज व्यक्तिचित्रणाची जी अवस्था आहे ती सगळी त्या दुकानात पाच मिनिटांत माझ्यासमोर घडली होती.

ओळखपत्राच्या फोटोत चेहऱ्यावर आणि मागच्या पडद्यावर सावली नको, हा नियमच आहे, आणि त्यामागचं कारणही रास्त आहे. यंत्राला किंवा अधिकाऱ्याला माणूस ओळखता आला पाहिजे. माझी तक्रार त्या नियमाशी नाही. तो नियम ओळखपत्राच्या चौकटीतून बाहेर पडून लग्नाच्या अल्बमात, साखरपुड्याच्या फलकावर, मोबाइलमध्ये आणि शेवटी आपल्या नजरेत येऊन बसला, हे मला खटकतं.

आधी पावडरच्या डब्याबद्दल बोलू, कारण सगळ्या गोष्टीचं मूळ त्यात आहे. कातडीवर पडलेला उजेड दोन तऱ्हांनी परत येतो. काही उजेड आत शिरतो, तिथल्या रंगद्रव्यात बराचसा जिरतो आणि उरलेला विखरून बाहेर येतो. काही उजेड आत जातच नाही, पृष्ठभागावरूनच आरशासारखा परततो. पहिल्याचं प्रमाण रंगाप्रमाणे बदलतं, दुसऱ्याचं फारसं बदलत नाही. त्यामुळे गोऱ्या चेहऱ्याचा आकार मुख्यतः सावल्यांतून घडतो, तर काळ्यासावळ्या चेहऱ्याचा आकार चमकेतून. कपाळावरून, नाकाच्या दांडीवरून, गालाच्या उंचवट्यावरून उतरत जाणारी जी चमक असते तिला आपल्याकडे 'तुकतुकी' असा फार नेमका शब्द आहे. गाभाऱ्यातली काळ्या पाषाणाची मूर्ती आठवा. तेल लावलेल्या त्या दगडावर समईचा उजेड पडतो आणि नाक, गाल, हनुवटी सगळं दिसतं. तीच मूर्ती पुसून कोरडी करा, वर ट्यूबलाइट लावा, नुसता काळा ठोकळा उरेल. पावडर नेमकं हेच करते. जी तुकतुकी त्या मुलाचा चेहरा घडवत होती ती आधी पावडरने मारली, आणि मग उरलेला सपाट भाग कॉम्प्युटरने उजळ केला.

हे ज्याला कळतं तो सावळ्या चेहऱ्यासाठी उजेड वाढवत नाही. तो दिवा मोठा करतो, म्हणजे समोर बटर पेपरची चौकट किंवा मोठं पांढरं कापड लावतो, आणि ते बाजूला सरकवत नेतो. मोठ्या पृष्ठभागाचं प्रतिबिंब गालावर लांबट आणि मऊ पडतं. छोट्या उघड्या दिव्याचं तेच प्रतिबिंब घामाच्या थेंबासारखं पांढरं टोचतं. अनेक फोटोग्राफर त्या टोचणीला घाबरून पावडर मागवतात. दोष दिव्याच्या आकाराचा असतो आणि त्याची शिक्षा कातडीला होते.

हे ज्ञान आपल्याकडे नव्हतंच असं मात्र नाही. तारनाक्याहून सिकंदराबाद चार-पाच किलोमीटर. तिथे १८८०च्या दशकात लाला दीनदयाळांनी आपला स्टुडिओ थाटला. १८४४ साली मीरतजवळच्या सरधन्यात जन्मलेले, रुरकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकलेले आणि इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारे हे गृहस्थ. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना आधार दिला, पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांनी दरबारी छायाचित्रकार नेमलं आणि १८९४ मध्ये 'राजा' हा किताब दिला. १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला आणि तो केनी-लेविक नावाच्या बाईंच्या हाती सोपवला. त्यांच्या संग्रहातल्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या, म्हणून आज आपण त्यांच्याविषयी ऐकीव न बोलता बघून बोलू शकतो.

त्या काळच्या साध्या ड्राय प्लेटला निळा-जांभळा उजेड चटकन कळायचा, तांबडा जवळजवळ कळायचाच नाही. आपली कातडी परत करते तो उजेड तांबूस-पिवळ्या अंगाचा. म्हणजे प्लेटवर प्रत्येक हिंदुस्थानी चेहरा होता त्याहून काळा उतरणार, हे ठरलेलंच. यावर इलाज एकच, उजेडाची दिशा. वरून आणि एका अंगाने आकाशाचा थंड, निळसर उजेड घ्यायचा आणि पडदे ओढून दुसऱ्या अंगाची सावली हवी तेवढीच ठेवायची. दीनदयाळांच्या बैठकीच्या चित्रांत मला हे संयमाने केलेलं दिसतं. लांबचा गाल बुडू दिलेला नाही आणि उजळलेलाही नाही. पण त्यांची मर्यादाही सांगायला हवी. दरबारी चित्रात आधी दागिना, मग पोशाख, मग गालिचा आणि शेवटी चेहरा, असा क्रम असतो, आणि उजेड त्या क्रमाची चाकरी करतो. सरपेच लखलखतो आणि त्याखालचा माणूस हाती लागत नाही, असं त्यांच्या चांगल्या चित्रांतही पुष्कळदा होतं.

शिवाय तेव्हाही पेन्सिल होतीच. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरले की छापात तेवढी जागा उजळते. डोळ्यांखालची वर्तुळं, कपाळाच्या आठ्या, देवीचे व्रण स्टुडिओत बसलेला रिटचर असेच बुजवायचा. त्यामुळे मोबाइलने आपला चेहरा बिघडवला, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. गिऱ्हाईक पहिल्यापासून हेच मागत आलं आहे. फरक इतकाच, की रिटचरला एका निगेटिव्हवर तासन्‌तास घालवावे लागत, म्हणून तो जेवढं नडेल तेवढंच बुजवायचा. आता बुजवणं फुकट आहे, आणि सावली ठेवायची असेल तर वेगळे कष्ट घ्यावे लागतात.

मराठीने या कलेला 'छायाचित्रण' हे नाव घेतलं. 'प्रकाशचित्र' हाही शब्द काही काळ वापरला गेला, पण रुळला तो पहिलाच. तेलुगू सिनेमाच्या श्रेयनामावलीतही 'छायाग्रहणम्' असतं. तारनाक्यात राहून मला त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ कळला. तेलुगूत सावळ्या वर्णाला 'चामनछाय' म्हणतात. छाय म्हणजे सावली आणि छाय म्हणजेच अंगकांती. आपल्याकडे स्थळाच्या जाहिरातीत 'निमगोरी', 'गव्हाळ' असे गोऱ्याच्या दिशेने मोजलेले शब्द येतात. तिथे हा एक शब्द सावळ्या रंगाला सरळ छाया म्हणून मोकळा होतो. मला तो फार आवडतो.

मराठी कलावंतांपुरतं बोलायचं तर सावलीची खरी तालीम चित्रकारांनी दिली. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप' मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते पुष्कळांना रविवर्म्याचं वाटतं. आपल्या मुलीला समोर उभं करून १९४५-४६ मध्ये त्यांनी ते जलरंगात काढलं, म्हणजे चुकलं तर खोडायची सोय जवळजवळ नाहीच. एका हातात समई, दुसरा हात ज्योतीआड धरलेला. उजेड बोटांच्या कडांतून तांबूस होऊन बाहेर येतो, चेहऱ्यावर खालून चढतो, आणि मागे भिंतीवर तिची सावली पडते. पोर्ट्रेट शिकणाऱ्याला मी आधी या चित्रासमोर उभं करीन आणि विचारीन, दिवा कुठे आहे, किती मोठा आहे, आणि बोटं थोडी खाली घेतली तर चेहऱ्याचं काय होईल? तो हात म्हणजे सिनेमावाल्यांच्या भाषेतला 'कटर'च आहे. उजेड देण्याइतकंच उजेड अडवणंही कौशल्याचं काम आहे, ते एवढ्या साधेपणाने दुसरीकडे कुठे दाखवलेलं मला ठाऊक नाही.

कोल्हापूरच्या सिनेमावाल्या मंडळींकडे हीच चित्रकाराची नजर होती. प्रभात कंपनी तिथे १९२९ मध्ये निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. दुसऱ्याच वर्षी आलेल्या 'अमृतमंथन'मध्ये राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा डोळा पडदाभर येतो, आणि त्या माणसाचं क्रौर्य सांगायला संवाद लागत नाही. केशवराव धायबर कॅमेऱ्यावर होते.

छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांवर थोडं थांबायला हवं, कारण आपली पिढी चेहरा बघायला शिकली ती बहुतेक त्यांच्याकडून. १९५० ते २०११ एवढंच आयुष्य. लिंटास या जाहिरात कंपनीतली नोकरी, 'चंदेरी'चं संपादन, १९९७चं 'फेसेस' हे दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंतच्या कलावंतांचं पुस्तक. त्यांचा उजेड मऊ होता, चेहऱ्याला चहूकडून वेढणारा. त्यामुळे आज सरसकट असं म्हटलं जातं, की गुळगुळीत चेहऱ्यांची साथ त्यांनीच आणली. मला हे पटत नाही. त्यांची चित्रं नीट बघावीत. उजेड मऊ आहे, पण त्याला दिशा आहे. गालाच्या हाडाखाली सावलीची एक पातळ घडी राहिलेली असते, हनुवटीखाली मान वेगळी उठते, आणि डोळ्यांत दिव्याचं प्रतिबिंब एका ठरलेल्या जागी असतं. त्यांच्यामागून आलेल्यांनी मऊपणा उचलला आणि दिशा सोडून दिली. माझी त्यांच्याबद्दलची तक्रार वेगळी आहे. त्यांच्या चित्रांतली माणसं फार क्वचित एकटी वाटतात. समोर कोणीतरी प्रेमाने बघतंय याची खात्री असलेलाच चेहरा ते टिपत. त्या प्रेमाला मी कमी लेखत नाही. पण काही चेहऱ्यांची दुसरी बाजू त्यामुळे आपल्याला कधीच दिसली नाही.

आता आजचं बघू. रिंग लाइट हे आजच्या चेहऱ्याचं मुख्य हत्यार. लेस्टर डाइन या माणसाने १९५२ मध्ये रिंग फ्लॅश बनवला तो दातांचे फोटो काढण्यासाठी. तोंडाच्या आतल्या कोपऱ्यात सावली पडू नये म्हणून उजेडच भिंगाभोवती गोल फिरवला. जबड्याच्या तपासणीसाठी हे उत्तमच होतं. तेच साधन आज मुलाखतींत, मेकअपच्या दुकानांत, नवरीच्या खोलीत उभं असतं, आणि बुबुळात पांढरं कडं उमटलेले चेहरे आपल्याला नेहमीचे झाले आहेत. मोबाइल त्याच्याही पुढे जातो. एका फोटोसाठी तो अनेक फोटो घेतो आणि ते जोडताना प्रत्येक काळोखी उचलून धरतो. २०१६-१७ पासून मागचं धूसर करणारा 'पोर्ट्रेट मोड' आणि नंतर लावलेला खोटा स्टुडिओ-उजेड आला. एक गोष्ट मात्र चांगली झाली. कोडॅकच्या काळात छपाईचा रंग ज्या 'शर्ली कार्डा'वरून जुळवायचे त्यावर वर्षानुवर्षं गोरी बाई होती, म्हणजे यंत्राचं मोजमापच आपल्यासाठी नव्हतं. २०२१ मध्ये गूगलने आपल्या फोनमध्ये 'रिअल टोन' आणलं, पुढच्या वर्षी समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची मोजपट्टी स्वीकारली. यंत्र सुधारू लागलं आहे. पण सुधारलेलं यंत्र हातात घेऊनही माणूस "थोडा साफ करो" म्हणतो, आणि फोन तेही करून देतो.

याहून मला जास्त बोचते ती दुसरीच गोष्ट. सावली आपल्याकडून गेलेली नाही, तिची वाटणी झाली आहे. कुठल्याही कॅमेरा क्लबच्या स्पर्धेत जा. काळ्या पार्श्वभूमीवर सुरकुतलेला म्हातारा, पागोटं, विडीचा धूर, एका बाजूने कडक उजेड, दुसरी बाजू काळोखात. कातडीची भेग न् भेग दिसावी म्हणून कॉम्प्युटरवर आणखी धार लावलेली. त्याच फोटोग्राफरचे लग्नाचे अल्बम उघडा. नवरीच्या चेहऱ्यावर एक रेष नाही, नाकाची सावली ओठापर्यंत पोचत नाही. गरिबाला, म्हाताऱ्याला, मजुराला सगळी सावली. तरुण मुलीला, पैसेवाल्याला, पुढाऱ्याला सगळा उजेड. पहिल्याला आपण 'भाव' म्हणतो, दुसऱ्याला 'सौंदर्य'. दोन्हींत समोरचा माणूस कोण आहे हे कोणी विचारलेलं नसतं. सुधारक ओलवे यांच्या मुंबईच्या सफाई कामगारांच्या कृष्णधवल चित्रांचं मोल मला यासाठी वाटतं. तिथे काळोख गटाराचा आहे, रात्रपाळीचा आहे, जिथे आहे तिथूनच आलेला आहे. तो चेहऱ्यावर चढवलेला नाही, आणि त्यात माणसाची नजर तुमच्या नजरेला सरळ भिडते. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्यांच्याकडून उजेड शिकणारे मला कमी दिसतात.

हैदराबादेत शिकायची सोय नाही असं नाही. मासाब टँकच्या ललित कला विद्यापीठात छायाचित्रणाची पदवी आहे, माधापूरच्या स्टेट गॅलरीत २०१५ पासून इंडियन फोटो फेस्टिव्हल भरतं, आणि सुलतान बाजारला लागून असलेल्या कोठीच्या गुजराती गल्लीत हवा तो दिवा मिळतो. कमी आहे ती स्वतःच्या जागेचा उजेड ओळखण्याची. उदाहरण देतो. पोर्ट्रेटची बहुतेक पुस्तकं युरोप-अमेरिकेत लिहिली गेली आणि त्यांत उत्तरेच्या खिडकीचा महिमा आहे, कारण तिथे वर्षातला बहुतेक काळ त्या खिडकीतून ऊन येत नाही. हैदराबाद १७.४ अंश अक्षांशावर आहे. इथे ९ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो, दुसरा ३ ऑगस्टच्या सुमाराला. मधल्या जवळजवळ तीन महिन्यांत भरदुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर उत्तरेच्या खिडकीत तिरकं ऊन सरळ आत शिरतं. पुस्तकातला अचल, थंड उजेड इथे जूनमध्ये दिवसाचे काही तासच मिळतो. हे पुस्तकात मिळत नाही, खिडकीशी बसून टिपून ठेवावं लागतं. उस्मानियाच्या आर्ट्स कॉलेजच्या १९३९च्या इमारतीत ओवरीत उभं राहिलात तर समोरच्या दगडावर आपटून येणारा उजेड गालाला किंचित गुलाबी ऊब देतो. ती ऊब दहा वाजता वेगळी असते, चार वाजता वेगळी.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. माहेर कोठीचं, विवेकवर्धिनीत शिकलेल्या, लग्नानंतर तारनाक्यात आलेल्या. परवा मला म्हणाल्या, "अरे, उद्या भिंतीवर माझा फोटो लावायची वेळ आली की पोरं कुठल्यातरी लग्नातला कापून लावतील. तू एक नीट काढून ठेव." त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला. दुपारी एकचा सुमार, ऊन छज्ज्यावरच अडलेलं. खिडकीपासून दोन हातांवर त्यांना बसवलं, तर दुसऱ्या बाजूच्या पांढऱ्या टाइल्स एवढा उजेड परत फेकत होत्या की चेहरा दोन्हीकडून सारखाच, तारनाक्याच्या त्या दुकानातल्यासारखा. एरवी आपण सावली भरायला थर्माकोल धरतो. इथे सावली आणायची होती. त्यांच्याच दाराआडची काळी छत्री उघडून मी त्यांच्या उजव्या गालाच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी, खुर्चीला टेकवली. टाइल्स झाकल्या गेल्या. नाकाच्या बाजूने सावली हळू खाली उतरली, गालाचं हाड वर आलं, आणि दुसऱ्या बाजूला कपाळापासून जबड्यापर्यंत खिडकीची लांबट तुकतुकी पडली. नुकत्याच फोडणी करून उठल्या होत्या, चेहरा ओलसर होता. पदराने पुसायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या काकू, तसंच छान आहे."

कॅमेऱ्यातल्या मीटरचं ऐकलं नाही. सावळा चेहरा चौकटभर असला की मीटर त्याला राखाडी करायला बघतं आणि चित्र उजळवतं. मी एक स्टॉप खाली घेतलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. उजव्या भुवईच्या वर एक जुना व्रण आहे, एरवी समोर बसूनही मला कधी दिसला नव्हता. सावलीच्या कडेवर तो बरोबर उठला होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "कोठीच्या वाड्यात पायरीवरून पडले होते मी," त्या म्हणाल्या. "आमच्या दादानं उचलून आणलं होतं, त्याच्या सदऱ्याला सगळं रक्त." मग तो दादा, तो वाडा, दारातला पारिजात, असं बोलत राहिल्या, आणि मी आणखी सहा-सात फोटो काढले. त्यांतलाच एक त्यांनी पुढे निवडला. चारच्या सुमाराला खिडकीच्या गजांवर ऊन तिरकं आलं तेव्हा मी छत्री मिटून दाराआड ठेवली.